संशोधन प्रकल्पाचा आराखडा : एका हजेरीपत्रकापासून सुरुवात

प्रास्ताविक



पदवी पूर्ण केल्यानंतर तुमच्यापैकी काही जण शिक्षणशास्त्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे वळतील. तेथे तुम्हांला एक लघुप्रबंध किंवा संशोधन प्रकल्प सादर करावा लागेल. त्याआधी त्या प्रकल्पाचा आराखडा मार्गदर्शकापुढे ठेवावा लागतो आणि बहुतेकांची पहिली अडचण तेथेच उभी राहते. शीर्षक, गरज, उद्दिष्टे, गृहीतके, परिकल्पना, न्यादर्श, साधने ही नावे पाठ असतात. एखाद्या जुन्या प्रबंधावरून त्या नावांखाली मजकूरही भरता येतो. असा आराखडा वरवर पूर्ण दिसतो. परंतु ज्याने तो लिहिला त्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, हे मात्र त्यातून कळत नाही.

प्रस्तुत घटकात आपण आराखड्याचे रकाने बाजूला ठेवून एकाच उदाहरणाच्या आधारे पुढे जाणार आहोत. हा घटक वाचून झाल्यावर तुम्हांला एखाद्या ढोबळ विषयातून अभ्यासता येईल असा प्रश्न वेगळा काढता यावा, त्या प्रश्नाला कोणती माहिती लागेल हे सांगता यावे आणि आपला निष्कर्ष चुकीचा असल्यास तो कसा उघड होईल याची सोय आराखड्यातच करता यावी, अशी अपेक्षा आहे.

उदाहरणासाठी आपण कळवा हे ठिकाण निवडू. ठाणे शहरातून खाडी ओलांडली की कळवा लागते. मध्य रेल्वेवर ठाणे आणि मुंब्रा यांच्यामध्ये त्याचे स्थानक आहे. तेथे धीम्या लोकल थांबतात, जलद गाड्या न थांबता निघून जातात. पूर्वेला पारसिकचा डोंगर, त्याच्या उतारावर चढत गेलेली वस्ती, पश्चिमेला इमारती, एका अंगाला खारेगाव, दुसऱ्या अंगाला विटावा. हा सारा परिसर ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत येतो. समजा, तुम्ही येथे राहता, येथील महापालिकेच्या एका प्राथमिक शाळेत तुमचे येणेजाणे आहे आणि सहावी-सातवीच्या वर्गांत मुलींची बाके वारंवार रिकामी दिसतात, हे तुमच्या लक्षात आले आहे. तुम्ही शीर्षक लिहिता : ‘कळवा परिसरातील शाळांतील विद्यार्थ्यांच्या अनुपस्थितीच्या कारणांचा अभ्यास’.

शीर्षकातील प्रत्येक शब्दाची झडती

हे शीर्षक चुकीचे नाही. पण त्यातला एकही शब्द अजून काम करण्याजोगा झालेला नाही.

‘कळवा परिसर’ हा शब्द घ्या. स्थानकाजवळच्या इमारतीतून चालत शाळेत येणारी मुलगी आणि पारसिकच्या उतारावरून पायऱ्या उतरून येणारी मुलगी एकाच परिसरातल्या असल्या, तरी त्यांची सकाळ एकसारखी नसते. दोघींना एकत्र मिसळून काढलेली सरासरी दोघींपैकी कोणाचेही वर्णन करणार नाही. ‘शाळा’ म्हणजे कोणत्या? महापालिकेच्या, खाजगी अनुदानित की विनाअनुदानित? मराठी माध्यमाच्या की हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमाच्याही? ‘विद्यार्थी’ म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर मुलीच होत्या. मग शीर्षकात तसे का आले नाही?

‘अनुपस्थिती’ हा शब्द सर्वांत सोपा वाटतो आणि तोच सर्वांत जास्त फसवतो. एक मुलगी दर सोमवारी येत नाही. दुसरी दिवाळीच्या सुट्टीला जोडून गावी गेली ती तीन आठवड्यांनी परतली. तिसरी रोज येते, हजेरी देते आणि मधल्या सुट्टीत घरी निघून जाते. हजेरीपत्रकाच्या दृष्टीने ती पूर्ण वेळ हजर आहे. चौथीचे नाव पटावर आहे, पण जुलैपासून ती दिसलेलीच नाही. या चौघींना तुम्ही एकाच शब्दात बसवणार आहात काय? संशोधनात शब्दाचा अर्थ असा निश्चित करावा लागतो, की दुसऱ्या कोणी तेच हजेरीपत्रक हातात घेतले तरी त्याची मोजणी तुमच्याइतकीच भरावी. याला आपण कार्यात्मक व्याख्या म्हणतो. उदाहरणार्थ, ‘शाळेच्या कामकाजाच्या ज्या दिवशी हजेरीपत्रकात विद्यार्थिनीच्या नावापुढे गैरहजेरीची खूण आहे, तो अनुपस्थितीचा एक दिवस.’ ही व्याख्या तिसऱ्या मुलीला पकडत नाही. ती उणीव मान्य करून मर्यादांमध्ये लिहावी, किंवा मधल्या सुट्टीनंतर काही दिवस स्वतः डोकी मोजावीत. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. उणीव लक्षातच न येणे तेवढे वाईट.

राहिला शब्द ‘कारणे’. त्याच्याकडे आपण थोड्या वेळाने वळू, कारण तो शीर्षकात फार लवकर आला आहे.

आपल्याआधी हा प्रश्न कोणी विचारला?

संबंधित साहित्याचा आढावा म्हणजे वीस-पंचवीस प्रबंधांची नावे आणि त्यांचे निष्कर्ष ओळीने मांडणे, अशी एक समजूत रूढ झाली आहे. आढाव्याचा खरा उपयोग निराळा आहे. आपण वापरत असलेले शब्द कोठून आले आणि त्यांनी आपल्याला कोणत्या बाजूने पाहायला लावले, हे त्यातून कळते.

शाळा मध्येच सोडणाऱ्या आणि एकाच इयत्तेत अडकून राहणाऱ्या मुलांच्या प्रश्नाला सरकारी भाषेत ठळक स्थान मिळाले ते १९२९ च्या हार्टॉग समितीच्या अहवालामुळे. त्यातील दोन संज्ञा आपल्याकडे ‘गळती’ आणि ‘स्थगिती’ या नावांनी रुळल्या. ‘गळती’ हा शब्द पुढे इतका अंगवळणी पडला, की त्यातली प्रतिमा कोणी तपासली नाही. गळती म्हटले की आपण खाली पडलेले थेंब मोजतो; भांड्याला भोक कोठे पडले आहे, इकडे नजर जातेच असे नाही.

महाराष्ट्रात या विषयावर फार पूर्वी झालेले एक काम तुम्ही अवश्य पाहावे. धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाच्या दोन पाहण्यांचे अहवाल पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे १९५५ साली प्रसिद्ध केले. शाळेत शिकलेली माणसे पुढे पुन्हा निरक्षर होतात काय, हा त्यांतील एक प्रश्न होता. आराखड्याच्या दृष्टीने या प्रश्नाकडे पाहा. तो शाळेच्या कचेरीत बसून सुटणारा नाही. शाळा सोडून काही वर्षे झालेल्या माणसांना गावात जाऊन गाठावे लागते आणि त्यांना वाचता-लिहिता येते का, हे प्रत्यक्ष पाहावे लागते. माहिती कोठे शोधायची, कोणाकडे जायचे, काय तपासायचे, हे सारे प्रश्नाच्या शब्दांनीच ठरवून टाकले. ‘मी सर्वेक्षण पद्धती वापरणार आहे’ असे आधी ठरवून मग तिला शोभेल असा प्रश्न शोधणारे विद्यार्थी हा क्रम उलटा करतात.

दुसरे उदाहरण तर एके काळच्या ठाणे जिल्ह्यातलेच आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. (हा भाग आता २०१४ साली निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यात आहे.) तेथील आदिवासी मुले शाळेत येत नव्हती. कोणी गुरे राखत होते, कोणी धाकट्या भावंडांना सांभाळत होते. मुले शाळेत का येत नाहीत, एवढ्यावर न थांबता मुले जेथे आहेत तेथे शाळा कशी जाईल, हा प्रश्न या दोघींनी विचारला. त्यातून अंगणातली बालवाडी आली, गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा आली आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र नांदणारी विकासवाडी आली. पाळणाघर शाळेला लागून आहे म्हटल्यावर धाकट्याला कडेवर घेऊन घरी बसणारी मुलगी शाळेत येऊ शकते. आज आपण ज्याला कृतिसंशोधन म्हणतो, त्याची सगळी लक्षणे या कामात दिसतात : अडचण पाहणे, उपाय करणे, परिणाम पाहून उपाय बदलणे. अशा कामासाठी कार्यकर्तीला तेथेच वर्षानुवर्षे राहावे लागले, हेही विसरू नका. चार महिन्यांच्या लघुप्रबंधात कोसबाड उभे राहत नाही. पण मुलीची सकाळ पाहिल्याशिवाय तिच्या गैरहजेरीबद्दल बोलू नये, एवढे तरी तेथून घेता येते.

अलीकडचे काय उपलब्ध आहे? ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर भारतातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध वाचता येतात. जुन्या संशोधनासाठी म. ब. बुच यांनी संपादित केलेली शैक्षणिक संशोधनाच्या सर्वेक्षणांची मालिका आहे; तिचा पहिला खंड १९७४ चा. आकडेवारीच्या बाबतीत मात्र प्रत्येक स्रोत काय जाणतो आणि काय जाणत नाही, हे आधी पाहावे. ‘यू-डायस’मध्ये शाळानिहाय पटसंख्या मिळते, रोज वर्गात कोण होते, हे त्यातून कळत नाही. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात १२ नोव्हेंबर २०२१ रोजी तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीच्या निवडक विद्यार्थ्यांची चाचणी झाली. त्यातून जिल्ह्याचे चित्र मिळते, कळव्याचे नाही. ‘प्रथम’ ही संस्था १९९५ साली मुंबईच्या वस्त्यांमध्ये काम करण्यासाठी सुरू झाली. परंतु तिच्याच प्रेरणेने २००५ पासून होत आलेली ‘असर’ ही पाहणी ग्रामीण भारताची आहे. त्यामुळे ‘असर’चा आकडा कळव्याला लावणाऱ्या आराखड्यावर परीक्षक पहिल्याच पानावर लाल खूण करील आणि ती योग्यच असेल.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचे उत्तर देणारा कागद एकच उरतो : शाळेचे हजेरीपत्रक.

आधी मोजणी, मग कारण

एक छोटे गणित करू. वर्गात ४० मुली आहेत आणि महिन्यात कामकाजाचे २५ दिवस झाले. सर्व मुली सर्व दिवस आल्या असत्या तर एकूण हजेरी १,००० भरली असती. प्रत्यक्षात ८०० भरली. सरासरी उपस्थिती ८० टक्के. अहवालात एवढाच आकडा जातो.

आता हे २०० गैरहजर दिवस कोणाचे आहेत? एक शक्यता अशी, की ४० पैकी प्रत्येक मुलगी ५ दिवस आली नाही. दुसरी शक्यता अशी, की ३२ मुली रोज आल्या आणि ८ मुली महिनाभर एकदाही आल्या नाहीत. दोन्हींची सरासरी ८० टक्केच. पण पहिल्या वर्गात सर्वांच्याच आयुष्यात अधूनमधून काहीतरी आडवे येते आहे, तर दुसऱ्या वर्गातील ८ मुली जवळजवळ शाळेबाहेर गेल्या आहेत आणि कोणाच्या ते लक्षातही आलेले नाही. पहिल्या वर्गासाठी तुम्ही आठवड्याचे वार, सण, पाऊस, बाजार यांकडे पाहाल. दुसऱ्या वर्गासाठी आठ घरांचे दार ठोठावाल. कारणांचा शोध घेण्याआधी स्वरूप पाहावे लागते ते यासाठी. ‘कारणे’ हा शब्द शीर्षकात लवकर आला, असे वर म्हटले ते यामुळेच.

म्हणून तुमचे पहिले उद्दिष्ट साधे असावे : जून ते नोव्हेंबर या काळातील अनुपस्थितीचे विद्यार्थिनीनिहाय, वारनिहाय आणि महिनानिहाय वितरण पाहणे. हे काम वहीत आडवे-उभे रकाने आखूनही होते. संगणकावर केले तर बेरीज चुकत नाही, एवढेच.

हजेरीपत्रकावर किती विश्वास ठेवावा, हा मुद्दा येथे येतो. हजेरी हा निव्वळ शैक्षणिक कागद नसतो. पोषण आहाराचा हिशेब हजेरीशी जोडलेला असतो. राज्यात १९९२ साली सुरू झालेल्या योजनेनुसार दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलींना हजर दिवसामागे १ रुपया उपस्थिती भत्ता ठेवला गेला. ज्या नोंदीवर धान्य किंवा पैसा अवलंबून असतो, ती नोंद करणाऱ्याचा हात दयेपोटीही सैल होऊ शकतो. यात शिक्षकांवर संशय घेण्याचा हेतू नाही. मोजमापाचे साधन कोणत्या कामासाठी तयार झाले होते, हे जाणून ते वापरावे, एवढेच सांगायचे आहे. आधी कळवून शाळेत जावे आणि सहा-सात वेगवेगळ्या दिवशी वर्गातली संख्या स्वतः मोजून हजेरीपत्रकाशी ताडून पाहावी. जुळली, तर तुमच्या साधनाची विश्वसनीयता वाढली. जुळली नाही, तर तोही एक निष्कर्षच आहे.

कोणाला विचारावे आणि कसे विचारावे

या घटकाच्या लेखकाने स्वतःच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी याच विषयावर शिक्षकांना एक प्रश्नावली दिली होती. त्यात एक विधान होते : ‘पालकांच्या उदासीनतेमुळे मुली शाळेत अनियमित असतात.’ पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत असे पाच पर्याय. बहुसंख्य शिक्षक सहमत झाले आणि ‘पालकांची उदासीनता हे प्रमुख कारण आढळले’ असा निष्कर्ष मोठ्या समाधानाने लिहिला गेला. मार्गदर्शकांनी तो वाचून एकच विचारले, “यातल्या किती पालकांशी तुम्ही बोललात?” एकाशीही नाही. जे विधान मी स्वतःच प्रश्नावलीत घातले होते, तेच गोल फिरून माझ्या निष्कर्षात आले होते. प्रकरण पुन्हा लिहावे लागले, सत्र वाया गेले आणि त्याचा राग बरेच दिवस मार्गदर्शकांवरच होता.

‘पालकांची उदासीनता’ हा आपल्याकडील शैक्षणिक प्रबंधांचा फार लाडका निष्कर्ष आहे. तो खोटाच असतो असे नाही. पण त्याने कोणाचे काय होते, याचा विचार करा. तो छापला गेला की शाळेला काही बदलावे लागत नाही, पाणी सोडण्याच्या वेळा बदलाव्या लागत नाहीत, रस्ता दुरुस्त करावा लागत नाही. दोष एका आईच्या पदरात पडतो आणि फाईल बंद होते. म्हणूनच हा निष्कर्ष लिहिण्यासाठी लागणारा पुरावा इतर निष्कर्षांपेक्षा अधिक भक्कम असला पाहिजे.

मग पालकांना कोठे भेटावे? सर्वांत सोपी जागा म्हणजे पालकसभा. पण सभेला येणारे पालक हे सभेला येऊ शकणारे पालक असतात. जी आई सकाळी सहाला धुण्याभांड्यांच्या कामासाठी खाडीपलीकडे ठाण्यात जाते, किंवा जो बाप ठाणे-बेलापूर पट्ट्यात पाळीवर असतो, ते त्या सभेत नसतात; आणि गैरहजर राहणाऱ्या मुलींची घरे बहुधा त्यांचीच असण्याचा संभव अधिक. सोयीस्कर न्यादर्शातला दोष असा आतूनच पोखरतो : ज्या गोष्टीचा अभ्यास करायचा, तीच गोष्ट निवडीत आडवी येते. त्यापेक्षा हजेरीच्या मोजणीवरून सर्वाधिक गैरहजर असलेल्या मुलींची यादी करावी, तिच्यातून घरे निवडावीत आणि संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी जावे. त्याच गल्लीतल्या, त्याच वर्गातल्या, पण नियमित येणाऱ्या काही मुलींच्या घरीही जावे. तुलनेला दुसरी बाजू नसेल, तर गैरहजर मुलींच्या घरी जे जे दिसेल ते सारे कारणच वाटू लागते. गरिबी दोन्ही घरांत सारखीच असेल, तर एकटी गरिबी हे उत्तर पुरेसे नाही.

प्रश्नही बदलावे लागतील. ‘मुलीच्या शिक्षणाला तुम्ही महत्त्व देता का?’ याला कोणती आई ‘नाही’ म्हणेल? त्याऐवजी अलीकडचा एक विशिष्ट दिवस घ्या : “गेल्या मंगळवारी ती शाळेत गेली नव्हती. त्या दिवशी सकाळी उठल्यापासून दुपारपर्यंत घरात काय काय झाले?” माणसाला स्वतःच्या वृत्तीबद्दल नीट सांगता येत नाही, पण मंगळवारबद्दल सांगता येते. नळाला पाणी किती वाजता आले, धाकट्याला कोणी सांभाळले, गणवेश वाळला होता का, पोट दुखत होते का, शाळेत कोणी काही बोलले होते का, हे त्या सांगण्यातून आपोआप येते. वाढत्या वयाच्या मुलींच्या बाबतीत शाळेतल्या स्वच्छतागृहाचा मुद्दा पुरुष संशोधकापुढे निघणार नाही. तेथे मुलाखत घेणारी व्यक्ती कोण, हासुद्धा आराखड्यातला निर्णय आहे. आणि मुलीला स्वतःला विचारायला विसरू नका. आश्चर्य वाटेल, पण मुलांच्या अनुपस्थितीवरच्या कित्येक आराखड्यांत न्यादर्श म्हणून शिक्षक असतात, पालक असतात, मुख्याध्यापक असतात, मूल नसते.

अंदाज खोटा ठरण्याची सोय

समजा, दहा-बारा मुलाखतींनंतर तुमचा अंदाज बनला, की उतारावरच्या वस्तीत सकाळी शाळेच्याच वेळी पाणी येते आणि ते भरण्यासाठी मुली थांबतात. अंदाज पटण्याजोगा आहे. पण पटण्याजोगा असणे आणि खरा असणे यांत अंतर आहे. स्वतःला विचारा : हा अंदाज चुकीचा असेल, तर ते मला कशावरून कळेल?

पाणी एक दिवसाआड येत असेल, तर गैरहजेरी पाण्याच्या दिवशी वाढलेली आणि कोरड्या दिवशी उतरलेली दिसली पाहिजे. एकाच वर्गातल्या ज्या मुलींच्या भागात पाणी दुपारी येते, त्यांच्यात हा चढउतार दिसता कामा नये. ज्या घरात पाणी भरायला मोठा भाऊ किंवा आजी आहे, तेथेही तो सौम्य असावा. हजेरीपत्रकातल्या तारखा तुमच्याजवळ आहेतच. पाण्याच्या वेळांची नोंद दोन-तीन घरांना महिनाभर ठेवायला सांगता येईल. दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. चढउतार दोन्ही प्रकारच्या दिवसांत सारखाच निघाला, तर पाण्याचा अंदाज सोडून द्यावा लागेल. तो सोडताना वाईट वाटेल, पण ज्या आराखड्यात अंदाज सोडावा लागण्याची वेळच येऊ शकत नाही, तो आराखडा संशोधनाचा नसून आधीच ठरलेल्या मताला आकडे जोडण्याचा आहे.

शून्य परिकल्पनेबद्दल एक शब्द. प्रत्येक आराखड्यात पाच शून्य परिकल्पना असल्याच पाहिजेत, अशा समजुतीने विद्यार्थी त्या भरतात. तुमचा अभ्यास जर स्वरूपाचे वर्णन करणारा असेल, तर उद्दिष्टे आणि प्रश्न पुरेसे आहेत. दोन गटांतील फरक संख्याशास्त्रीय कसोटीने तपासायचा असेल तेव्हाच परिकल्पना मांडा आणि तेव्हा ती नीट मांडा. अर्थात, तुमच्या विद्यापीठाच्या नियमावलीत ती सक्तीची असेल, तर एक लिहा आणि तीच तपासा.

वेळेचा हिशेब

आराखड्यातील सर्वांत कमी गांभीर्याने लिहिला जाणारा भाग म्हणजे वेळापत्रक. ६० कुटुंबांच्या मुलाखती घेऊ, असे लिहायला अर्धी ओळ लागते. एक मुलाखत ४५ मिनिटांची धरली, तरी नुसते बोलण्याचेच ४५ तास झाले. ध्वनिमुद्रण ऐकून शब्दशः उतरवायला बोलण्याच्या निदान चौपट वेळ लागतो. म्हणजे १८० तास. नोकरी सांभाळून रोज दोन तास दिले, तर केवळ उतरवण्यातच ९० दिवस जातील. त्यात घर बंद सापडणे, ‘उद्या या’ ऐकणे, चढण चढून परत येणे धरलेले नाही. २० मुलाखती नीट घ्या. दोन शाळा, दोन इयत्ता, सहा महिन्यांची हजेरी आणि २० घरे, हा एका व्यक्तीने पेलावा असा प्रकल्प आहे.

त्यातल्याही तीन घरांवर साधनाची आधी चाचणी घ्या. या पथदर्शी अभ्यासात प्रश्नांचे शब्द बदलतात. ‘अनुपस्थिती’ हा शब्द घरात कोणी बोलत नाही. ‘दांडी’ म्हटले तर आई दचकते, ‘शाळेत गेली नाही’ म्हटले तर बोलते. घरात मराठीऐवजी भोजपुरी किंवा उर्दू बोलली जात असेल, तर तुमच्या सोबत कोण असेल, हेही तेव्हाच ठरेल.

परवानगी आणि जबाबदारी

महापालिकेच्या शाळेत काम करण्यासाठी तिच्या शिक्षण विभागाची लेखी परवानगी लागते आणि ती मिळायला वेळ जातो. अर्ज आराखडा मंजूर होताच करावा. पालकांची संमती आणि मुलीचा स्वतःचा होकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईने परवानगी दिली आणि मुलगी मान खाली घालून गप्प राहिली, तर ती मुलाखत तेथेच थांबवावी.

कळव्याच्या बाबतीत आणखी एका गोष्टीचे भान हवे. १९ जुलै २०२१ रोजी कळवा पूर्वेतील घोलाईनगर येथे दरड कोसळून एकाच कुटुंबातील पाच जण मृत्युमुखी पडले. पारसिकच्या उतारावर राहणाऱ्यांना पावसाळा म्हणजे काय असतो, हे त्यावरून ध्यानात येईल. मुसळधार पावसात घर सोडून नातेवाइकांकडे गेलेल्या मुलीची जुलैमधली गैरहजेरी आणि सप्टेंबरमधली गैरहजेरी एकाच रकान्यात मोजणे अन्यायाचे आहे. महिनानिहाय वितरण वर सुचवले त्याचे हेही एक कारण. दुसरे असे, की ज्यांच्या घराखालच्या जमिनीचा प्रश्न सुटलेला नाही, त्यांच्या दारात वही-पेन घेऊन उभा राहिलेला अनोळखी माणूस घरे पाडण्यासाठी आला आहे, असे त्यांना वाटू शकते. घर क्रमांक, नकाशा, छायाचित्रे यांची तुमच्या प्रश्नाला गरज नसेल, तर ती घेऊच नका. जी माहिती तुम्ही घेतली नाही, ती तुमच्या हातून कोणाच्या नुकसानीला कारण होत नाही. नावांऐवजी संकेतांक वापरा आणि संकेतांकांची यादी प्रबंधासोबत बांधू नका; असे घडलेले पाहण्यात आहे.

एवढा विचार झाल्यावर शीर्षकाकडे परत या. आता ते असे काहीसे होईल : ‘कळवा (पूर्व) येथील महानगरपालिकेच्या दोन मराठी माध्यमाच्या शाळांतील इयत्ता सहावी व सातवीच्या विद्यार्थिनींच्या अनुपस्थितीचे स्वरूप व तिच्याशी निगडित घरगुती परिस्थिती : जून ते नोव्हेंबर या कालावधीतील हजेरीपत्रके व मुलाखती यांवर आधारित अभ्यास’. शीर्षक लांबले आहे आणि कानाला गोडही नाही. पण त्यातील प्रत्येक शब्दावर बोट ठेवून तुम्हांला उत्तर देता येईल. ‘कारणे’ हा शब्द गेला, त्याच्या जागी ‘निगडित’ आला. कारण २० घरांच्या आधारे तुम्ही एवढेच म्हणू शकता. विद्यापीठाच्या नमुन्यातील गरज, महत्त्व, व्याप्ती, मर्यादा हे रकाने आता भरायला घ्या. आजवर जे ठरले तेच तेथे लिहायचे असल्याने ते काम एक-दोन बैठकींत होते.

स्वाध्याय

तुमच्या जवळच्या एखाद्या शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन एका वर्गाची एका महिन्याची हजेरी नावे न उतरवता केवळ अनुक्रमांकांनुसार लिहून घ्या. सरासरी उपस्थिती काढा. मग गैरहजर दिवस किती विद्यार्थ्यांत कसे विभागले आहेत आणि कोणत्या वारी अधिक आहेत, याची दोन कोष्टके करा. कोष्टके पाहिल्यावर तुमच्या मनात येणारे पहिले कारण एका ओळीत लिहा आणि त्याच्याखाली, ते कारण खोटे ठरवू शकेल अशी कोणती नोंद त्या गावात किंवा वस्तीत मिळेल, ते लिहा. दुसरी ओळ सुचली नाही, तर पहिली खोडून दुसरे कारण घ्या. अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्राला येताना ही कोष्टके सोबत आणा.